टर्बो किट अख्खं घ्यावं की सुटं जमवावं? खोक्यात काय येतं आणि काय येत नाही

बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटला रेल्वेसाठी थांबलो होतो, मागून एक जुनी स्विफ्ट आली, ॲक्सिलरेटर दाबला की शुईईई करून शिट्टी. शेजारचा बुलेटवाला मान वळवून वळवून बघत होता, त्याला वाटलं पोरानं टर्बो बसवलाय. टर्बो बिर्बो काही नाही हो, सायलेन्सरच्या तोंडात बोटाएवढी ॲल्युमिनियमची शिट्टी घुसवलेली असते, ऑनलाइन मिळते, आवाज तेवढा येतो, गाडी आहे तेवढीच पळते. पण त्या शिट्टीनं आणि मोबाईलवरच्या रीलनी आपल्याकडच्या पोरांना असं याड लावलंय की दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, आणि यावेळी विचारणारा घरचाच निघाला.

खानापूरचा भाचा. त्याच्याकडं २००७ची पेट्रोल स्विफ्ट आहे, जुनं १.३ लिटरचं इंजिन. "मामा, टर्बो बसवायचाय बघा, किट मागवू की एकेक पार्ट जमवू? सुटं घेतलं तर निम्म्यात होतंय म्हणालेत सगळे." मी इथल्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, वीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढलीत, त्यामुळं घरातल्यांना वाटतं याला लोखंडातलं सगळं कळतं. तसं काही नाही, पण या प्रकरणात भाच्याबरोबर वर्षभर हात काळे केले, आणि जे कळलं ते ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही त्यालाही समजेल असं लिहितोय.

आधी टर्बो करतो काय ते बघू

चुलीत लाकूड आहे, निखारा आहे, पण नुसता धूर होऊन बसलाय, तेव्हा आपली आजी काय करायची, फुंकणी घ्यायची आणि फुंकायची. लाकूड तेवढंच, पण हवा मिळाली की भडका. इंजिनचंही तसंच, पेट्रोल जळायला हवा लागते आणि साधं इंजिन ही हवा स्वतःच्या पिस्टननं ओढून घेतं, जेवढी ओढता येईल तेवढीच. टर्बो म्हणजे फुंकणी, बाहेरून जोरानं हवा आत कोंबणारी. गंमत एवढीच की ही फुंकणी माणूस फुंकत नाही, चुलीचाच धूर फुंकतो. सायलेन्सरकडं जाणारा गरम धूर एका छोट्या पंख्यावर सोडतात, तो पंखा फिरला की त्याच दांडीवर पलीकडं बसवलेला दुसरा पंखा फिरतो आणि तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. वाया जाणाऱ्या धुराचा वापर, म्हणून कल्पना भारी. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ला याचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे नवीन काही नाही यात.

हे पंखे मिनिटाला लाख दीड लाख फेरे घेतात, छोटे टर्बो तर दोन लाखाच्याही वर जातात. आणि पेट्रोल गाडीत धुराच्या बाजूचं तापमान ९०० डिग्रीच्या आसपास जातं. हे दोन आकडे डोक्यात ठेवा, पुढं जे जे बिघडतं ते या दोनांपायीच.

जास्तीची जी हवा कोंबली जाते तिच्या दाबाला बूस्ट म्हणतात. समुद्रकाठी हवेचा दाब साधारण १ बार असतो, अर्धा बार बूस्ट म्हणजे त्यावर आणखी अर्धा. आपलं बेळगाव समुद्रापासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे, इथं दाब मुळातच ०.९२ बारच्या आसपास, म्हणून तर चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की साधी गाडीही जरा हलकी पळाल्यासारखी वाटते, भास नसतो तो.

मग हवा कोंबली की झालं की!

इथंच सगळे फसतात. चुलीत नुसतं फुंकत बसलं आणि लाकूड सरलं तर? जास्त हवा आली की त्या मापात पेट्रोलही जास्त लागतं. साध्या पेट्रोलला एक किलो जाळायला १४.७ किलो हवा लागते, आणि बूस्टवर तर मुद्दाम पेट्रोल आणखी जास्त सोडतात, बारा किलोला एक असं, म्हणजे आतलं तापमान आटोक्यात राहतं. हे जास्तीचं पेट्रोल द्यायला मोठे इंजेक्टर लागतात, कधी मोठा पंप लागतो, आणि किती द्यायचं हे सांगणारा ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, त्याला नवीन हिशोब शिकवावा लागतो. बऱ्याच साध्या गाड्यांचा ईसीयू तर बूस्ट नावाची गोष्ट ओळखतच नाही, त्याच्या हवादाब मोजणाऱ्या सेन्सरचा काटाच एक बारच्या थोडं पुढं संपतो. दहा किलोच्या तराजूवर पंधरा किलोची पाटी ठेवली तर तो दहाच दाखवणार ना, तसं.

दुसरी भानगड नॉकिंग. दाबलेली हवा तापते, सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं ते आठवा. आधीच तापलेली आणि दाबलेली हवा, त्यात पिस्टन तिला आणखी दहापट दाबणार, मग प्लगची ठिणगी नीट काम करायच्या आधी किंवा करत असताना कोपऱ्यातलं मिश्रण आपलंआपणच फाटकन पेटतं. आवाज येतो डब्यात गोट्या हलवल्यासारखा. मिस्त्री लोक म्हणतात गोट्या वाजालेत. चार दिवस वाजल्या तर पिस्टनची रिंग बसते ती कड तुटते, आणि मग इंजिन उतरवायचं.

हे मोठमोठ्या कंपन्यांनाही सुटलेलं नव्हतं बरं का. अमेरिकेत १९६२ला ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बो गाडी आली, जगातल्या पहिल्या दोन टर्बो कारपैकी एक, तिचं नॉकिंग थांबवायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात फवारायचे. लोक टाकी भरायचीच विसरायचे, आणि शेवटी कंपनीनं कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवून दिले. म्हणजे बघा, कारखान्यातून बसवून आलेल्या टर्बोची ही कथा, आणि आपण शेडमध्ये जॅकवर गाडी चढवून बसवायला निघालोय.

किट म्हणजे खोक्यात नक्की काय येतं

किट हा शब्द लोक दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि गोंधळाचं मूळ तेच आहे.

खरं किट म्हणजे एका ठरावीक गाडीच्या ठरावीक इंजिनासाठी कुणीतरी आधी स्वतःच्या गाडीवर बसवून, चुकून, तोडून, परत बनवून, मग पॅक केलेलं. त्यात टर्बो, तो इंजिनाला जोडणारा मॅनिफोल्ड, बूस्ट मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून धूर बाजूला सोडणारी झडप म्हणजे वेस्टगेट, टर्बोतून सायलेन्सरकडं जाणारा डाउनपाईप, गरम हवा थंड करणारा इंटरकूलर आणि त्याचे सगळे पाईप त्याच गाडीच्या मापात वाकवलेले, तेल आणायचा न्यायचा पाईप, पाण्याचे पाईप, इंजेक्टर, ईसीयू किंवा त्यात भरायचा प्रोग्रॅम, आणि याखेरीज एक पिशवी. त्या पिशवीकडं कुणी बघत नाही. त्यात गॅस्केट, स्टड, ९०० डिग्रीला सैल न होणारे नट, तांब्याचे वॉशर, क्लिपा, दोनतीन ब्रॅकेट, असलं चिल्लर असतं. माझं मत विचाराल तर किटची निम्मी किंमत त्या पिशवीची आहे, का ते पुढं येईल.

जपानमध्ये एचकेएससारख्या कंपन्या १९७०च्या दशकापासून हा धंदा करतायत. तिकडं एकेका मॉडेलच्या गाड्या सुधारणारे हजारोंनी गिऱ्हाईक, म्हणून किट बनवणं परवडतं. आपल्या जुन्या स्विफ्टला, एस्टीमला, सँट्रोला असं तयार किट फळीवर मिळणं अवघड, बेंगळुरू कोइमतूरकडं काही ट्यूनर, म्हणजे गाडीची ताकद वाढवून जुळवून देणारे, मोजक्या गाड्यांसाठी बनवून देतात तेवढंच. म्हणून आपल्याकडं प्रश्न नुसता "किट की सुटं" असा नसतोच, आधी हे विचारावं लागतं की माझ्या इंजिनासाठी कुणी खरंच किट बनवलंय का.

आणि दुसरं ते ऑनलाइन दिसणारं "कम्प्लीट युनिव्हर्सल टर्बो किट". चकचकीत टर्बो, एक इंटरकूलर, निळेलाल सिलिकॉनचे होज, बूस्टचा मीटर. फोटोत लग्नातल्या रुखवतासारखं मांडलेलं असतं. त्यात इंजेक्टर नाहीत, ईसीयू नाही, तुमच्या गाडीचा मॅनिफोल्ड नाही, पाईप सरळ नळ्या आणि काही बेंड, कापा आणि जोडा. युनिव्हर्सल म्हणजे फ्री साइजचा शर्ट, अंगात जातो एवढंच. हे किट नव्हे, सुट्या पार्टांचंच पोतं आहे, फक्त एका दुकानातून आलेलं. भाच्यानं पहिल्यांदा हेच दाखवलं होतं मला, "मामा, सगळं आहे की यात". मी म्हटलं मोज, इंजिनाला जोडायला काय आहे ते दाखव. गप्प बसला.

सुटं जमवायचं म्हणजे मनातले मांडे

बेळगावात बसून मांड्यांची गोष्ट काढतोय, पण खरंच वही घेऊन बसलं की असंच होतं. टर्बो एवढ्याला, मॅनिफोल्ड एवढ्याला, इंटरकूलर सेकंडहँड, पाईप आपला वेल्डर करेल, बेरीज केली की किटच्या निम्मी. भाच्याच्या वहीत अकरा ओळी होत्या. काम संपता संपता त्याच वहीत साठच्या वर ओळी झाल्या, आणि वाढलेल्या पन्नास ओळींत एकही गोष्ट अशी नव्हती की जिच्यावाचून चाललं असतं.

लग्नाच्या जेवणाचं बघा ना. केटररला ताटाचा रेट ठरवून दिला की मिठापासून पानापर्यंत त्याचं. स्वतः बाजार केला आणि आचारी बोलावला तर स्वस्त पडतं, खरंच पडतं, पण मग पंगत बसल्यावर कळतं की झारा एकच आहे आणि लिंबं कुणी आणलीच नाहीत. टर्बोत ते लिंबू म्हणजे एक बँजो बोल्ट, तेलपाण्याचा पाईप जोडणारा पोकळ बोल्ट, असतो, दीडशे रुपयाचा, ज्याच्यासाठी गाडी पंधरा दिवस जॅकवर.

आता भाच्याचं काय झालं ते जवळून सांगतो. त्यानं मॅनिफोल्ड एकाकडून घेतला, टर्बो दुसऱ्याकडून. दोन्ही वस्तू चांगल्या. मॅनिफोल्डचं तोंड टी३ मापाचं, टर्बोचं टी२५. ही तोंडं जोडायच्या चौकोनी पट्ट्यांची मापं आहेत, दोन्हीला चारचार भोकं, फोटोत सारखीच दिसतात, समोर ठेवली की कळतं एक मोठं एक लहान. काय बिघडत नाही म्हटलं, मी शॉपमधून १२ मिलीच्या प्लेटचा ॲडॅप्टर बनवून आणला, दोन्ही बाजू सरफेस ग्राइंडरवर घासून, एकदम आरसा. बसला झकास. पण त्या १२ मिलीनं टर्बो पुढं सरकला आणि त्याचं थंड बाजूचं, म्हणजे हवेच्या पंख्याकडचं, तोंड रेडिएटरच्या फॅनच्या प्लास्टिकला टेकलं. मग फॅन बदलला, बारीक घेतला. मग डाउनपाईपचं तोंड जुळेना, तो कापून परत आर्गॉन वेल्डिंग. मग तो पाईप वायरिंगच्या गुंडाळीच्या दोन बोटं अंतरावर आला, म्हणून वायरिंग हलवलं आणि मधे पत्र्याचा आडोसा. बारा मिली, आणि सहा रविवार गेले. खऱ्या किटमध्ये हे सहा रविवार दुसऱ्या कुणीतरी आधीच घालवलेले असतात, पैसे त्याचे घेतात ते.

तेलाचा पाईप, म्हणजे सगळ्यात क्षुल्लक वाटणारी गोष्ट

यावर जरा थांबतो कारण सुटं जमवणाऱ्या दहातले निम्मे इथं अडकत असतील.

टर्बोची दांडी तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरते. इंजिनचं तेल बारीक पाईपनं दाबानं वरून आत येतं आणि खालून बाहेर पडतं. आत येताना दाब असतो, बाहेर पडताना काहीच दाब नाही, दांडीनं घुसळून फेसाळलेलं, ताकासारखं झालेलं तेल नुसतं आपल्या वजनानं खाली ऑइल चेंबरमध्ये ओघळतं. म्हणून परतीचा पाईप जाड लागतो, उतार सलग लागतो, आणि चेंबरमध्ये तो तेलाच्या पातळीच्या वर जाऊन मिळायला लागतो.

गाडी पहिल्यांदा चालू केली त्या संध्याकाळी अख्खी गल्ली जमली होती. दहा मिनिटं छान. मग सायलेन्सरमधून निळसर धूर, बघता बघता एवढा की समोरच्या घरातल्या काकू खिडक्या लावायला लागल्या. "गेला टर्बो, सेकंडहँड घेतला की असंच," मिस्त्रींनी निकाल दिला, भाच्याचं तोंड एवढंसं. मी टॉर्च घेऊन खाली गेलो. परतीचा रबरी पाईप थोडा लांब कापला होता, म्हणून मधे खाली लोंबून परत वर चढला होता, बेसिनच्या खाली पाणी साठणारा वाकडा पाईप असतो ना, हुबेहूब तसा. आणि चेंबरला जिथं तोंड वेल्ड केलं होतं ती जागा तेलाच्या पातळीच्या खाली. तेलाला जायला वाटच नाही, ते मागं तुंबून टर्बोच्या सीलमधून धुराच्या बाजूला गळत होतं आणि जळत होतं. टर्बो ठणठणीत होता. चेंबर उतरवला, तोंड वर घेतलं, पाईप चार इंच आखूड केला, धूर बंद. किती जण असे असतील की ज्यांनी त्या धुराला बघून दुसरा टर्बो विकत घेतला, आणि तोही "खराब निघाला".

"पण मामा, उद्यमबागेत सगळं बनतंय की"

हा आपल्या भागातला खास आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. बेळगाव फाउंड्र्यांचं गाव, कास्टिंग इथं, क्रँकशाफ्ट इथं, हायड्रॉलिकचे पार्ट इथं, हद्दीपलीकडं गोकुळ शिरगाव आणि शिरोलीतही तेच. मॅनिफोल्ड ओतून मिळेल, फ्लँज म्हणजे त्या जोडायच्या पट्ट्या मशीन होतील, पाईप वाकवून मिळेल. भाच्यासारख्याला हे मुंबई पुण्याच्या पोरापेक्षा सोपं पडतं हे मी मान्य करतो.

पण बनवणारा ड्रॉइंग मागतो. तो तुम्ही दिलेल्या मापाचं अचूक करून देईल, माप बरोबर आहे का हे सांगणं त्याचं काम नाही. आणि कास्टिंग एकच ओतायचं तर पॅटर्नचा, म्हणजे ओतायच्या नमुन्याचा, खर्च एकट्याच्या माथी, त्यापेक्षा जाड पाईपचे तुकडे वेल्ड करून मॅनिफोल्ड करतात, तो चालतो, पण साधा पातळ पाईप वापरला तर तापून थंड होऊन जोडाजवळ तडकतो आणि वर टर्बोचं वजन लोंबतंय ते वेगळंच. मी स्वतः एक चूक केली, घाईत मॅनिफोल्डला साधे एमएसचे, म्हणजे मऊ लोखंडाचे, नटबोल्ट लावले. तीन आठवड्यांत दोन सैल, एक तुटून आत राहिला, तो काढायला अर्धा दिवस ड्रिल. पिशवीतल्या नटांची किंमत मला त्या दिवशी कळली.

"डिझेल गाडीचा टर्बो भंगारात स्वस्त मिळतो, तो बसवला तर?"

मिळतो, आणि लोक बसवतातही. अडचण दोन. डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानानं थंड असतो, त्यामुळं त्या टर्बोचं लोखंड पेट्रोलच्या ९०० डिग्रीसाठी निवडलेलं असेलच असं नाही. दुसरं म्हणजे माप. १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन ६,००० आरपीएमला कागदावर मिनिटाला ३,९०० लिटर हवा गिळतं, म्हणजे घरावरच्या हजार लिटरच्या जवळजवळ चार टाक्या एका मिनिटात. छोट्या डिझेल इंजिनाचा टर्बो एवढ्या आरपीएमला कधी जाण्यासाठी बनवलेलाच नसतो, वरती गेलं की तो गुदमरतो, मागं धूर कोंडतो, उष्णता वाढते आणि परत त्या गोट्या. उलट फार मोठा टर्बो घेतला तर तो फिरायलाच वेळ लावतो, ॲक्सिलरेटर दाबून गाडी विचार करत बसते, याला लॅग म्हणतात. टर्बो बनवणारे याचा नकाशा छापतात, कुठल्या दाबाला किती हवेला तो खूश असतो याचा, सुटं घ्यायचं तर तो नकाशा वाचता आला पाहिजे. वेस्टगेट न चालणारा भंगारातला टर्बो तर फुकट दिला तरी घेऊ नका, बूस्ट कुठं थांबेल ते देवालाच माहीत.

ट्यूनिंगमधून सुटका नाही, किट घ्या नाहीतर काहीही घ्या

किट घेतलं म्हणजे चावी फिरवून निघालो असं वाटतं लोकांना. बाहेरच्या किटबरोबर जो प्रोग्रॅम येतो तो तिकडच्या पेट्रोलवर बेतलेला असतो. जपानचं हाय-ऑक्टेन पेट्रोल साधारण १०० ऑक्टेनचं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही त्याचा आकडा. आपल्याकडं बीएस६च्या साध्या पेट्रोलला किमान ९१ची अट होती, ९५ आणि १०० वालं मिळतं पण प्रत्येक पंपावर नाही, आणि आता सगळीकडं २० टक्के इथेनॉलवालं आलंय. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो हे खरं, पण ते जाळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं, इंजेक्टरचा हिशोब परत हलला. आपल्याकडच्या उसाचाच तो प्रताप, काय बोलणार.

म्हणून गाडी डायनोवर, म्हणजे जागच्या जागी चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या रोलरवर चढवून, धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते मोजत मोजत ईसीयू भरायला लागतो. त्यासाठी आपल्याला पुणं नाहीतर बेंगळुरू गाठायचं. आणि ट्यून न केलेली टर्बो गाडी पुण्यापर्यंत साडेतीनशे किलोमीटर चालवत न्यायची नसते, टेम्पोवर टाकून न्यायची. हा खर्च वहीत कुणीच लिहीत नाही. किट तुमच्याच इंजिनाचं असेल तर ट्यूनर सुरुवात कुठून करायची ते जाणतो, दिवसात काम होतं. सुटं असेल तर तो आधी दोन तास गळती शोधतो, आणि त्या दोन तासांचंही बिल असतं.

"सीएनजी किट चालतं, मग टर्बो किटला काय झालं?"

सीएनजीला मंजूर किट, मंजूर फिटर आणि आरसीवर नोंद करायची सोय आहे. घरगुती टर्बोला तशी सोय नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर कंपनीनं दिलेली जी माहिती आहे ती बदलेल असा फेरफार करता येत नाही, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९मध्ये हेच सांगितलं. परवानगीशिवाय केलेल्या फेरफाराला कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागं पाच हजार दंड किंवा दोन्ही. आपलं तर रोजचं जाणंयेणं दोन राज्यांत, केए-२२ची गाडी निपाणी सोडून कोगनोळीच्या पुढं गेली की दुसऱ्या राज्याचे पोलिस, एकीकडं कानडीतून समजवा आणि एकीकडं मराठीतून. त्यापेक्षा मोठी भीती इन्शुरन्सची. न कळवलेला बदल सापडला की क्लेम अडवायला त्यांना आयतं कारण मिळतं, मग टर्बो किटमधून आला की सुटा, त्याला काही फरक पडत नाही. म्हणून ही गाडी ट्रॅकसाठी, स्पर्धेसाठी, खाजगी जागेत चालवायची म्हणून बनवावी, रोज ऑफिसला जायच्या गाडीला हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भाच्याला ते पटलेलं नाही.

मग घ्यायचं काय

नुसती ताकद हवी असेल तर दोन्ही नको, सेकंडहँड कंपनीची टर्बो पेट्रोल गाडी घ्या. २०१७ला आलेली बलेनो आरएस घ्या उदाहरणाला, एक लिटरचं इंजिन, १०२ पीएस, सगळं कारखान्यातून जुळवून आलेलं, आरसीवर लिहिलेलं. भाच्याच्या १.३ स्विफ्टची नवी असतानाची ताकद ८७ होती, म्हणजे वर्षभर धडपडून तो जिथं पोचणार तिथं ती गाडी शोरूममधून निघताना होती.

खरं किट मिळत असेल आणि हातात एकरकमी पैसे असतील तर किट. महाग वाटेल, बाहेरून मागवलं तर कस्टम ड्युटी, भाडं आणि वर जीएसटी, २०२५च्या सप्टेंबरपासून ऑटो पार्टांना सरसकट १८ टक्के झालाय तरी एकूण आकडा डोळे पांढरे करतो. पण घेण्याआधी विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा, याच इंजिनाच्या किती गाड्यांवर बसवलंय, आणि इंजेक्टर नि ईसीयू खोक्यात आहे का. उत्तर देताना तो टाळाटाळ करायला लागला तर समजा की तुम्ही पोतं विकत घेताय.

सुटं जमवणं कुणी करावं? ज्याच्याकडं दुसरी गाडी आहे, ज्याचा लेथवाला आणि वेल्डर मित्र आहे, आणि ज्याला ते जमवण्यातच मजा येते. पैसे वाचवायला म्हणून करू नका. आणि मधला एक रस्ता आहे जो मला आता बरा वाटतो, टर्बो, मॅनिफोल्ड, वेस्टगेट आणि डाउनपाईप हे चौघं एकाच माणसाकडून एकत्र जुळवलेले घ्यायचे, कारण तापणारी बाजू तीच, आणि बाकीचं थंड बाजूचं, इंटरकूलर, पाईप, ब्रॅकेट, ते इथं उद्यमबागेत करायचं. थंड बाजूचं चुकलं तर हवा गळते, फुस्स आवाज येतो, कळतं. गरम बाजूचं चुकलं तर बॉनेटखाली जाळ होतो. आणि बूस्ट कमीच ठेवायचा, आतले पिस्टन कंपनीचेच असतील तर पाव ते अर्ध्या बारच्या पुढची हाव नको, त्यातही ट्यूनर पाव म्हणाला तर पाव.

हे लिहीत असतानाच भाच्याचा फोन येऊन गेला. गाडी परत जॅकवर आहे, पाण्याच्या पाईपचा बँजो गळतोय. "मामा, तो बोल्ट एम१२ हाय का एम१४?" म्हटलं पिच, म्हणजे आट्यांमधलं अंतर, बघ आधी, दीडचा आहे की सव्वाचा. पिच मोजायचा गेज त्याच्याकडं नाही, उद्या सकाळी बसनं पाठवून द्या म्हणाला.